एल्डरबीचे तीन बगळे

शाळाघर, एल्डरबी, लिंकनशर
२७ एप्रिल १९५४

मेव्हिस,

माझी मागची दोन पत्रं न फोडता परत आली. म्हणून या वेळी पाकिटाच्या पाठीवरच लाल शाईने लिहिलंय : ‘खिडकी सापडली.’ पोस्टातली मुलगी ते वाचून माझ्याकडे बघतच राहिली. म्हटलं, बघ बाई, हवं तर मोठ्याने वाच! आता तू पाकीट फोडलंयस असं धरून लिहिते.

सापडली! पाचही पेट्या. कुठे, ते ओळखून दाखव. नाहीच ओळखता येणार तुला. चॅपलमध्ये! होय, युद्धात बॉम्बच्या भीतीने उतरवलेली आपल्या चर्चची रंगीत काचेची खिडकी बारा वर्षं मेथडिस्टांच्या फळ्यांखाली होती. ते तिच्या डोक्यावर उभे राहून आपल्याच चर्चच्या थाटामाटाविरुद्ध प्रवचनं ठोकत होते.

काल सकाळी मी धाकट्या वर्गाला पाढे देत होते. एवढ्यात सायलस ब्रॉटन दार न वाजवता आत घुसला. हो, तोच सुतार, अजूनही तसाच दांडगा. अंगभर भुसा, हातात पहार.

“बाई, चला लवकर! तुमचा सरदार आमच्या चॅपलमध्ये येऊन झोपलाय!”

मला वाटलं, सकाळीच घेतलीय यानं. तर म्हणतो, “प्यायलेलो नाही. प्रवचनाच्या चौथऱ्याला कीड लागलीय म्हणून फळ्या उचकटल्या, तर खाली पेट्या. एकीचा कोपरा फुटलाय आणि आतून एक शिरस्त्राण घातलेलं तोंड माझ्याकडे बघतंय. मी चॅपलचा माणूस, पण क्षणभर गुडघ्यावरच आलो.”

मुलांना तसंच सोडून मी धावले. मेव्हिस, मी बेचाळीस वर्षांची बाई, हातात खडू, मधल्या गल्लीतून धावत होते! आणि खरंच. पेंढ्यात गुंडाळलेला लेफ्टनंट ह्यू डॅलिमोर, चिलखत घालून गुडघे टेकलेला, आणि त्याच्या पायाशी निळ्या ढालीवरचे बगळे. तुझ्या रूबेनने पेटीवर काळ्या रंगाने घातलेले आकडे अजून ठळक आहेत.

तिसऱ्या पेटीत एका डब्यात चिठ्ठी होती. आपल्या जुन्या पाद्रीसाहेबांच्या, हॅलिडेंच्या अक्षरात. मी पाठ केलीय ती : “१० मार्च १९४२. डॅलिमोर हाऊस सैन्याच्या ताब्यात जात आहे, म्हणून रूबेन कॅचपोल याने तिथल्या तळघरात सुरक्षित ठेवलेल्या पाच पेट्या मी आणि चॅपलचे जेबेझ थर्केटल यांनी आज इथे आणल्या. रूबेन समुद्रावर असल्याने त्याला ठाऊक नाही. युद्ध संपेपर्यंत दोघांनीही कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं आहे.”

आणि पुढच्याच पंधरवड्यात हॅलिडे न्यूमोनियाने गेले. जेबेझने शब्द पाळला. युद्ध संपायच्या आत त्याला झटका आला, त्याची वाचाच गेली. पंचेचाळीसच्या त्या सभेत, रूबेनवर चोरीचा आळ आला तेव्हा, तो माझ्या शेजारी बसला होता, आठवतं? माझी बाही ओढत होता, काठी जमिनीवर आपटत होता. मागून कुणीतरी म्हणालंही, म्हाताऱ्याला घरी न्या रे. त्याच हिवाळ्यात तो गेला.

म्हणजे रूबेनने एक तुकडाही विकला नव्हता. तो म्हणत होता तेच खरं होतं. सगळ्या गावाला आज कळलंय. आपण सगळेच चुकलो, मेव्हिस. तो काळच तसा होता.

त्याला सांग. लगेच सांग.

एनिड


शाळाघर, एल्डरबी
८ मे १९५४

मेव्हिस,

उत्तर यायला अजून अवकाश आहे, विमानाच्या टपालालाही आठ-दहा दिवस लागतात, हे मला कळतं. पण माझ्याने राहवत नाही. मी आता चर्च समितीची चिटणीस आहे, त्यामुळे सगळं माझ्याच टेबलावरून जातं.

पेट्या चर्चमध्ये आणल्या. कुणी आणल्या असतील? चॅपलवाल्यांनी! सायलस आणि त्याचे तिघे भाऊ, खांद्यावर. आमचे नवे पाद्रीसाहेब ऑर्मेरॉड दारात उभे होते. त्यांनी पाणावलेल्या डोळ्यांनी आभार मानले, तर सायलस म्हणाला, “आभार कसले? बारा वर्षांचं भाडं धरा आणि आम्हाला चहा पाजा.” मग मी मनुकांचा पाव कापला आणि ही मंडळी आपल्या चर्चच्या बाकांवर बसून चहा प्यायली. मिसेस पॉक्रिजने दुकानाच्या दारातून हे पाहिलं आणि तिचा आ वासला तो मिटेचना.

लिंकनहून काचकाम करणारे मिस्टर टनार्ड आले. सत्तरीचे आहेत, बोटं शिशाने काळी. त्यांनी शाळेतली सगळी मेजं जोडून घेतली, पांढरी चादर अंथरली आणि एकेक तुकडा मांडला. मुलं रांगेने हात मागे बांधून बघत होती. काच उन्हात धरली की चादरीवर लाल, निळं पाणी सांडल्यासारखं दिसायचं. मी वर्ग घेतलाच नाही.

पण दोन अडचणी आहेत. काचा धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्या ठिकठिकाणी वाकल्यात, तुकडे सुटलेत. रूबेनने प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर बारीक खूण खरवडलीय, पण ती खुणांची भाषा त्याची त्यालाच ठाऊक. टनार्ड भिंग लावून दोन तास बसले. शेवटी म्हणाले, “कारागीर पक्का होता. आणि डोक्याने विचित्र. तो असेल तरच हे काम उन्हाळ्यात होईल, नाहीतर मला दोन वर्षं द्या.”

दुसरी अडचण म्हणजे तिसरा बगळा. ढालीवर सोन्याच्या नागमोडी पट्ट्याच्या वर दोन आणि खाली एक. तो खालचा बगळा चुरा झालाय. अक्षरशः पीठ. तेवढाच कोपरा सायलसच्या पहारेखाली आला. बिचारा दोन दिवस तोंड लपवत होता. मिस डॅलिमोर काठी टेकत आल्या, ऐंशीला टेकल्यात पण जीभ तशीच धारदार. त्यांनी चुऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “ह्यूला बगळे आवडायचेच नाहीत. तळ्यातले मासे खातात म्हणून दगड मारायचा. एक कमी झाला म्हणून तो रडणार नाही.” मग पाठ वळवून रुमालाने नाक पुसलं. भाऊ होता तो त्यांचा. बाविसाव्या वर्षी लढाईत गेला. त्याला पुरायला शरीरही मिळालं नाही. ही खिडकीच काय ती.

तेव्हा रूबेनने त्या खुणांचा अर्थ लिहून पाठवावा, अशी सगळ्यांची विनंती आहे. पाद्रीसाहेब वेगळं पत्र लिहितीलच.

माझ्याबद्दल तुम्ही दोघं काय म्हणत असाल, याचा मला अंदाज आहे. पण त्रेचाळीस सालच्या त्या पहाटे धुकं होतं. रूबेन रजेवर आलेला, त्याची गाडी, वर ताडपत्री, खाली पेट्यांसारखं काहीतरी, स्टेशनच्या रस्त्याला. मला दिसलं तेवढं मी सभेत सांगितलं. एक शब्द खोटा बोलले नाही.

एनिड


शाळाघर, एल्डरबी
२१ मे १९५४

मेव्हिस,

मागच्या पत्राची शेवटची ओळ खोडून टाक. पत्र जवळ नसेल तर मनातून खोड.

काल शाळेत सभा झाली. तीच खोली, त्याच खुर्च्या. रूबेनला गावातर्फे माफीचं पत्र पाठवायचं होतं आणि मसुदा अर्थातच मी केला होता, गावात माझं अक्षर चांगलं म्हणून. मी वाचून दाखवला : “युद्धकाळातील गोंधळामुळे आणि काही गैरसमजांमुळे आपल्यावर अन्याय झाला, याचं आम्हाला दुःख आहे.” लोकांनी माना डोलावल्या. सायलसने बाकावर थाप मारली. ऑर्मेरॉड म्हणाले, “फार सुंदर, मिस पाल्फ्री.”

तेवढ्यात मिस डॅलिमोर म्हणाल्या, “सुंदर आहे. पण मला एक सांगा. पेट्या बेचाळीस सालीच चॅपलखाली गेल्या होत्या. मग त्रेचाळीस साली त्या गाडीत होतं काय?”

मग मिसेस पॉक्रिज म्हणाली, “असेल काहीतरी त्याचंच सामान. तो म्हणत होता ना, मधमाश्या होत्या म्हणून. मधमाश्या! पहाटे पाचला! तेव्हा आम्ही हसून हसून बेजार झालो होतो.”

“मग होत्या का मधमाश्या?” मिस डॅलिमोरनी विचारलं. “कुणी बघितल्या?”

मेव्हिस, मी हातातला कागद घडी करत होते. तो एवढासा होईपर्यंत घड्या घातल्या. आणि उठले.

मी म्हणाले, “मी बघितल्या.”

तुला सगळं सांगते, जसं त्यांना सांगितलं तसं. त्या पहाटे मी डॉक्टरांकडून आईचं औषध घेऊन येत होते. रूबेन पुलाजवळ भेटला. मी विचारलं, एवढ्या लवकर काय घेऊन चाललास? तो हसला आणि त्याने ताडपत्रीचं टोक उचललं. चार पोळ्यांच्या पेट्या होत्या, तोंडाला जाळी बांधलेली. आतून गुणगुण ऐकू येत होती. म्हणाला, “उजेडाच्या आत हलवाव्या लागतात, माश्या बाहेर पडायच्या आधी. मावशीकडे ठेवतो, मी समुद्रावर असताना इथे कोण बघणार?” मी जाळीला कान लावला होता. गालाला ऊब लागली होती, इतक्या त्या जवळ होत्या.

त्याने सभेत हेच सांगितलं. मावशी तोवर वारली होती, पोळी रोग पडून जाळून टाकलेली. साक्षीदार मी एकटी. त्याने माझ्याकडे बघितलं. तो वाट बघत होता, मेव्हिस. आणि मी म्हणाले, “मला गाडी दिसली आणि ताडपत्री दिसली.” त्या आधी सगळ्यांचा संशय सैनिकांवरच होता. माझ्या त्या एका वाक्याने फासे उलटले. त्याच आठवड्यात त्याच्या दुकानाच्या काचा फुटल्या. काच बसवणाऱ्याच्याच काचा! नंतर त्याला कुणी साधी तावदानाचीही कामं दिली नाहीत.

आणि तू मला स्वयंपाकघरात उभं राहून विचारलंस, “एनिड, त्याने तुला दाखवलं होतं का?” मी पीठ मळत होते. वर न बघता म्हणाले, “तो खोटं बोलतोय.”

का? ते मी सभेत नाही सांगितलं. ते फक्त तुझं आहे. तू त्याच्याशी लग्न करून ग्रिम्सबीला जाणार होतीस. आई अंथरुणावर. मी हिशोब केला की आता मरेपर्यंत मी, आई आणि हे घर. त्याचं नाव गेलं तर तू जाणार नाहीस, असं वाटलं. आणि तू तर जगाच्या दुसऱ्या टोकाला गेलीस.

माझं बोलून झाल्यावर मिसेस पॉक्रिज म्हणाली, “नऊ वर्षं आमच्या पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवताय, बाई.” मी म्हणाले, “होय.” दुसरं काय म्हणणार?

मिस डॅलिमोर उठल्या, माझ्या हातातला घडी घातलेला कागद काढून घेतला आणि फाडला. “आता नवं पत्र लिहा,” म्हणाल्या, “या वेळी माणसासारखं.”

तुला गंमत वाटेल, मेव्हिस, पण घरी येताना मला पळावंसं वाटत होतं. भीतीने नाही. अंग इतकं हलकं झालं होतं की गल्लीच्या वळणावर मी खरोखरच थोडी पळाले. लाज वाटायला पाहिजे होती. वाटतेही आहे. दोन्ही एकदमच वाटतंय.

आज सकाळी वर्गात सात मुलं कमी होती.

एनिड


शाळाघर, एल्डरबी
२३ जून १९५४

मेव्हिस,

रूबेनचं पत्र आलं! पाद्रीसाहेबांच्या नावाने, पण ते पायजम्यावर कोट चढवून सकाळी सातला माझ्या दारात हजर. “मिस पाल्फ्री, उत्तर आलं, उत्तर आलं!” शेजारच्या घरांतून सगळी डोकी बाहेर.

चार पानं भरून फक्त खुणा. माफीबद्दल एकच ओळ : “पत्र मिळालं, पुरेसं आहे.” तुझा नवरा अजिबात बदललेला नाही. पण खुणांची भाषा! मेव्हिस, तुला माहीत होतं का? प्रत्येक आडवी ओळ म्हणजे गावातली एक गल्ली आणि प्रत्येक तुकडा म्हणजे त्या गल्लीतलं एक घर! ‘पॉ ३’ म्हणजे पॉक्रिजच्या दुकानापासून तिसरं. तो म्हणतो, काच काढताना आकडे चुकू शकतात, पण गावातली घरं मी झोपेतही चुकणार नाही. ज्या गावाने त्याला हाकललं ते सगळं गाव त्याने आमच्या खिडकीच्या पाठीवर कोरून ठेवलंय.

आता काय धमाल चाललीय म्हणून सांगू! टनार्ड परके, त्यांना आपली घरं काय माहीत? म्हणून गाव येतं. कुणी म्हणतं, “ही खूण थर्केटलच्या जुन्या घराची, मधलं नव्हे, पुढचं.” मग भांडणं. सायलस आणि मिसेस पॉक्रिज तर एका लाल तुकड्यावरून अर्धा तास भांडले. तिचं म्हणणं, लोहाराचं घर गल्लीत चौथं. तो म्हणतो, पाचवं, मधली कोंबड्यांची खोली नको मोजायला? तुकडा पाचव्या जागी ठेवला, तर बरोब्बर बसला! सायलस टोपी हवेत फेकून ओरडला, “कोंबड्यांचंही घर असतं, बाई!” आणि मिसेस पॉक्रिज हसली. माझ्यासमोर, सभेनंतर पहिल्यांदाच. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने तोंड मिटलं. पण हसली.

सातांपैकी पाच मुलं परत आलीत.

पत्राच्या तळाशी रूबेनने लिहिलंय की तिसरा बगळा तो स्वतः करून पाठवतोय. जुना त्यानेच काढला, पुसला, गुंडाळला होता, तो त्याला पिसापिसासकट पाठ आहे. टनार्डनी हे वाचून भिंग खाली ठेवलं. म्हणाले, “अकरा हजार मैलांवरून, आठवणीने? वेडाच आहे.” आणि मग हळूच, “मीही त्याच्या वयाचा असतो तर केलं असतं.”

पार्सल बोटीने येतंय. मी रोज वर्तमानपत्रात बोटींच्या वेळा बघते.

एनिड


शाळाघर, एल्डरबी
२४ ऑगस्ट १९५४

मेव्हिस,

आला! आज दुपारी आला!

सगळ्यांना धास्ती होती. उद्घाटनाचा रविवार ठरलाय, बिशप यायचेत, बाकी सगळी खिडकी जोडून झालीय आणि ढालीच्या खालच्या टोकाला टनार्डनी साधी पांढरी काच धरून ठेवलेली. बोट एकदा लांबली, मग गोदीत काहीतरी खोळंबा. माझं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. जुलैच्या सुरुवातीला मांसाचं रेशन संपलं, चौदा वर्षांनी गावभर भाजलेल्या मांसाचा वास, आणि मी पावावर लोणी लावून फेऱ्या मारत होते.

पेटी सायलसने उघडली, पहारेने नव्हे! मिस डॅलिमोरनीच बजावलं होतं, “नखांनी उघड.” आत मेंढीची लोकर. लोकरीच्या आत लोकर. आणि त्यात बगळा.

मी खोटं सांगणार नाही, तो इतर दोघांसारखा नाही. त्या दोघांच्या माना सरळ, कुलचिन्हावर शोभतील अशा. याची मान किंचित वळलेली आहे, काहीतरी ऐकल्यासारखी. टनार्ड म्हणाले, “शास्त्राप्रमाणे हे चालणार नाही. ढालीवरचे पक्षी एकसारखेच हवेत.” सगळे मिस डॅलिमोरकडे बघू लागले. चिन्ह त्यांच्या घराण्याचं, निर्णय त्यांचा.

त्यांनी तो दोन्ही हातांनी खिडकीकडे धरला. कितीतरी वेळ. मग म्हणाल्या, “आईने ही खिडकी बसवली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, यातलं काहीच ह्यूसारखं नाही. हे चिलखत, हे गुडघे टेकणं. तो आयुष्यात कधी एका जागी स्थिर बसला नाही.” आणि टनार्डकडे वळून, “बसवा. घराण्याची मी शेवटची. तक्रार करायला कोण उरलंय?”

बसवला. केसभरही घासावा लागला नाही.

लोकरीच्या तळाशी एक लहान पाकीट होतं. माझ्या नावाचं. तुझं अक्षर, मेव्हिस. मी ते ॲप्रनच्या खिशात घातलं आणि दिवसभर कुणाला दाखवलं नाही. चहा केला, कप विसळले, सायलसच्या विनोदांना हसले. घरी आले, दार लावलं आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून फोडलं.

तू लिहिलंयस : “रूबेनने तुला माफ केलंय. त्याचं तो जाणे. मी केलेलं नाही. होईल की नाही, सांगता येत नाही. पण लिहीत जा.”

मी ते सतरा वेळा वाचलं. बरोबर आहे. मी तुझ्याकडून याहून जास्त मागणार नाही. पण ‘लिहीत जा’ म्हणालीस! तुला कल्पना नाही, मी त्या पायरीवर बसून दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होते की रडत होते, कोण जाणे.

एनिड


शाळाघर, एल्डरबी
२० सप्टेंबर १९५४

मेव्हिस,

काल झालं. सगळं सांगते.

सकाळी ढग होते. बिशप लांबलचक बोलले, कुलचिन्हांच्या इतिहासावर आणि त्यागावर. चर्च खच्चून भरलेलं. चॅपलवाले अख्खे आलेले, त्यांनी त्यांची प्रार्थना तासभर आधी उरकली आणि एकत्र चालत आले. आपली स्तोत्रं त्यांनी आपल्यापेक्षा मोठ्याने म्हटली. पाद्रीसाहेबांनी रूबेनचं नाव घेतलं, जेबेझ थर्केटलचं घेतलं, हॅलिडेंचं घेतलं. मग म्हणाले, चिठ्ठी सापडायच्या आधीच एका व्यक्तीला सत्य माहीत होतं आणि तिने ते उशिरा का होईना सांगितलं. लोकांनी माना वळवल्या. मी समोरच्या बाकाच्या फळीकडे बघत राहिले. त्या फळीवर एक गाठ आहे, ती मला आता चांगली पाठ आहे.

आणि शेवटच्या स्तोत्राला ऊन पडलं. दक्षिणेची खिडकी ती, एकदम पेटली. निळं सगळं खाली उतरलं, बाकांवर, टोप्यांवर, मिसेस पॉक्रिजच्या नव्या कोटावर. लोक गायचे थांबले. एकटा ऑर्गन वाजत राहिला. मिस डॅलिमोरनी हातमोजा काढला आणि नुसता हात पुढे केला, तळव्यावर रंग घेतला. कुणाकडे न बघता तशाच उभ्या राहिल्या. बाहेर पडताना त्यांनी माझ्या दंडाला धरलं. “चला, मिस पाल्फ्री,” म्हणाल्या, “मला पायऱ्या उतरवा. आपण दोघीच जुन्या आहोत इथे.” अख्ख्या गावासमोरून आम्ही पायऱ्या उतरलो.

सोबत फोटो पाठवतेय. काळापांढरा आहे, निळा रंग रूबेनला आठवेलच.

आता दुसरं. हे लिहिण्यासाठी मी आज शाळा सुटल्यावर दोनदा बसले आणि उठले.

आई गेली तेव्हा मी तुला तार केली. तारेत काय मावणार? आणि मग तुझी फुलं आली, पाद्र्यांच्या पत्त्यावर. मी रागाने ती सगळ्यात मागे ठेवली, हेही सांगून टाकते. पण शेवटचे तीन आठवडे कसे गेले, ते तुला कुणीच सांगितलेलं नाही. माझ्याशिवाय कुणी नव्हतंच.

शेवटी तिला मी ओळखू येईना. ती मला मेव्हिस म्हणायची. पहिल्या दिवशी मी म्हणाले, आई, मी एनिड. ती रडायला लागली, मेव्हिस कुठे गेली म्हणून. दुसऱ्या दिवशी तिने परत हाक मारली, तेव्हा मी म्हणाले, “हो आई, मीच.” तीन आठवडे मी तूच होते. तुझ्यासारखी मोठ्याने हसायचे. केस तुझ्यासारखे मागे बांधायचे. ती खूश असायची आणि अखंड बोलायची. माझ्याशी नाही, तुझ्याशी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि तरी मी ऐकत राहायचे, एकही शब्द सोडला नाही.

ते सगळं माझ्यापाशी पडून आहे. माझं नाही ते. तुझं आहे.

एकदा ती पहाटे जागी झाली, अगदी शुद्धीवर असल्यासारखी. माझा हात धरला आणि म्हणाली, “तू जातेयस ना मेव्हिस? जा. मागे बघू नकोस, एनिड आहे माझ्याजवळ. ती बोलत नाही, पण करते सगळं. आणि हे बघ, तो जाड निळा कोट घालूनच बोटीवर चढ. डेकवर वारा फार असतो.”

एनिड